बेसमेंटच्या कोब्याला खालून ओल येते, रंग टिकण्यासाठी काय करावे?

वडगावकर | २१ जून

नमस्कार मंडळी. घर बेळगावच्या वडगावात, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला. प्लॉट पूर्वी भाताचं शेत होता. अर्धं जमिनीत, अर्धं वर असं बेसमेंट आहे, साधारण साडेचारशे चौरस फूट. खाली आधी पॉवरलूम होते, ते विकले. आता वहिनी तिथं साड्यांना फॉल-पिको करतात आणि व्यापाऱ्याचे गठ्ठे ठेवतात. एका गठ्ठ्याला जरी बुरशीचा डाग पडला तरी भरपाई आमच्या गळ्यात.

खाली कोबा आहे, घराबरोबरच केलेला. त्यावर एका कंत्राटदाराकडून करड्या रंगाचं इपॉक्सी, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा जमिनीचा रंग, करून घेतलं. उन्हाळाभर एकदम चकाचक. मृगाचा पाऊस लागला आणि जागोजागी फोड आले. फोड फोडला की आतून चिकट पाणी येतं. आता हाताएवढे पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरी भुकटी. कंत्राटदार म्हणतो तुमच्या जमिनीचा दोष. रंगाच्या दुकानात गेलो तर त्याने दुसरा, महाग डबा पुढे केला.

सगळं खरवडून पुन्हा रंग मारायची तयारी आहे, पण परत तसंच होणार असेल तर पैसे कशाला घालवू? कुणी केलं आहे का?

निपाणीकर | २१ जून

रंगाच्या नादी लागताच कशाला? व्हिट्रिफाइड टाइल्स टाका आणि मोकळे व्हा. आमच्या तंबाखूच्या वखारीत वडिलांच्या काळापासून शहाबादी आहे, काही झालेलं नाही.

गवंडीकाम | २१ जून

निपाणीकर अण्णा, तुमची वखार जोत्यावर हाय, ह्यांचं जमिनीच्या पोटात हाय. तेला ह्याची बरोबरी लावू नका. टाइलखाली पाणी ऱ्हायलं की दोन पावसात दरजा पांढऱ्या पडत्यात आणि टाइल पोकळ वाजाय लागत्या. उकरून काढायचं काम मग आमालाच येतंय.

वडगावकर, कोब्याखाली काय घातलंय ते आठवतंय का बघा. आपल्याकडं लई घरांत मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची आणि वर डायरेक्ट पीसीसी, म्हंजे बिनसळईचं काँक्रीट. प्लास्टिक कोण अंथरतंय? सोलिंगसुद्धा, म्हंजे खालचा दगडांचा थर, वाचवत्यात. पांढरी भुकटी म्हंजे लोणा. लोणा आला म्हंजे पाणी काँक्रीटमधनं वर येऊन वाळतंय. वरनं कसलाबी डबा ओता, पाण्याला काय घेणं न देणं.

वडगावकर | २२ जून

प्लास्टिक नक्की नाही. सोलिंगचं वडिलांना विचारलं, ते म्हणतात थोडी दगडं टाकली होती. थोडी म्हणजे किती, त्यांनाही सांगता येईना.

सिव्हिलवाला | २२ जून

टिळकवाडीत राहतो. स्ट्रक्चरचं काम करतो, रंग विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

बेसमेंटची जमीन ओली दिसते त्यामागे तीन वेगवेगळी पाणी असू शकतात आणि तिघांचा इलाज वेगळा. एक, हवेतली वाफ गार जमिनीवर बसते, म्हणजे दव. दोन, खालची ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून कंदिलाच्या वातीसारखी वर चढते. तीन, बाहेर पाण्याची पातळी जमिनीच्या वर जाते आणि पाणी दाबाने आत घुसते. कुठलं पाणी आहे हे न बघता रंग निवडणं म्हणजे ताप कशाचा आहे ते न बघता गोळी देणं.

आधी प्लास्टिकची परीक्षा करा. बाहेर एएसटीएम डी ४२६३ या अमेरिकी मानकाच्या नावाने ती ओळखली जाते, पण घरी फुकटात होते. सुटलेला रंग खरवडून उघडा कोबा काढा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा, हवा जाता कामा नये. निदान १६ तास ठेवा, दिवसरात्र ठेवलंत तर उत्तम. मग बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा कोबा काळपट झालेला असेल तर पाणी खालून येतं. वरच्या बाजूला थेंब आणि खाली कोरडं, तर ते हवेतलं पाणी. एकाच ठिकाणी नको. मध्ये, प्रत्येक भिंतीलगत, जिन्याखाली, असं चार-पाच जागी लावा. आणि पावसातच करा. एप्रिलमध्ये ही परीक्षा कुणाचंही बेसमेंट पास होतं. मला वाटतं तुमच्या कंत्राटदाराने केली असेल तर एप्रिलमध्येच केली असेल.

दुसरं, शेजारी विहीर आहे का? वडगाव-शहापूर भागात जुन्या विहिरी बऱ्याच आहेत. विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि तुमच्या कोब्याची पातळी यांतला फरक काढा. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तीच लांब नळी घेऊन होतं. विहिरीचं पाणी कोब्याच्या वर असेल तर तुमचं बेसमेंट पावसाळ्यात पाण्यात उभं आहे असं समजा.

कणबर्गीची | २२ जून

सिव्हिलवाला यांनी पहिलं कारण एका ओळीत उरकलं, पण आमच्याकडे तेवढंच कारण निघालं म्हणून लिहिते. आमचं घर चढावर, खाली जांभा, पाणी थांबतच नाही. तरी दर जुलैत खालची जमीन ओली, चपला घसरायच्या. ओल जावी म्हणून आम्ही पावसाळाभर खिडक्या सताड उघड्या ठेवायचो. पुतण्याने स्वस्तातला तापमान-आर्द्रता दाखवणारा मीटर आणला तेव्हा कळलं. बाहेरची हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर ती हवा २३ अंशांच्या आसपास पाणी सोडायला लागते, आणि आमची जमीन २२ वर होती. म्हणजे खिडकी उघडून आम्हीच पाणी आत घेत होतो! आता पाऊस धरला की खिडक्या बंद, उघडीप मिळाली की दुपारी उघडायच्या, आणि एक छोटा डिह्युमिडिफायर. रंगाला हातसुद्धा लावला नाही. त्याचं पाणी मात्र रोज ओतावं लागतं, ते काम माझ्याकडे आलंय.

वडगावकर | २७ जून

अक्का, अण्णा, दोघांचे आभार. प्लास्टिक लावून बघितलं. मधल्या भागात आणि पूर्वेला प्लास्टिकच्या वर थोडं दव, खाली कोरडं. जिन्याखाली खालच्या बाजूला धुकं धरल्यासारखं. पश्चिमेच्या भिंतीलगत मात्र खाली सरळ पाण्याचे थेंब आणि टेपच सुटून आली.

शेजारच्या विहिरीचंही बघितलं. पाणी अजून आमच्या कोब्याच्या बरंच खाली आहे. पण शेजारचे काका म्हणाले, पोळ्यापर्यंत थांब, बादली हाताने बुडवून भरता येते.

सिव्हिलवाला | २७ जून

हे फार उपयोगी आहे. विहीर खाली असताना पश्चिमेला थेंब, म्हणजे भूजल अजून वर आलेलंच नाही आणि तरी एकाच बाजूने पाणी येतंय. पश्चिमेला बाहेर काय आहे? पन्हळीचं पाणी कुठे पडतं? नळाची लाइन, बाथरूम, गटार?

पन्हळीला कमी लेखू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला तर साधारण ९,३०० लिटर पाणी होतं. दोन टँकरभर पाणी भिंतीच्या मुळाशी ओतायचं आणि आत रंगाला दोष द्यायचा, हे मी आठवड्याला एकदा तरी बघतो.

हिंडलगेकर | २७ जून

संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, कुठे आहे??

वडगावकर | २७ जून

...पश्चिमेलाच. पार्किंगखाली. भिंतीपासून तीन फुटांवर.

हिंडलगेकर | २८ जून

मग आधी तो बघा. आपल्याकडे रोज पाणी येत नाही म्हणून प्रत्येकाच्या दारात जमिनीखाली संप, आणि बांधल्यावर आतून कुणी उतरून बघत नाही. संप भरून घ्या, आत येणारा कॉक बंद करा, मोटर लावू नका, झाकण नीट लावा. भिंतीवर खडूने किंवा टेपने पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पिण्याचं पाणी असतं, त्यामुळे त्यात रंग टाकून बघायचा शहाणपणा नको. आमच्याकडे घरातल्याच एका शहाण्याने केला होता. आठवडाभर गुलाबी पाण्याने आंघोळी.

वडगावकर | ३० जून

पातळी तीन सेंटिमीटर उतरली. एका दिवसात. संप आतून दोन मीटर बाय दीड मीटर आहे.

सिव्हिलवाला | ३० जून

तीन चौरस मीटर गुणिले तीन सेंटिमीटर, म्हणजे रोज ९० लिटर. ते सगळं तुमच्या भिंतीकडेच जातं असं नाही, पण वाट सोपी मिळाली तर बरंचसं जातं. हिंडलगेकर, मानलं तुम्हाला.

संप रिकामा करून आतून दुरुस्ती करावी लागेल. भिंत आणि तळ यांचा कोपरा फोडून साफ करा, पॉलिमर मॉर्टरने वाटा मारा, म्हणजे कोपरा गोल होईल. वर पिण्याच्या पाण्याला चालणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग दोन हात. डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. पाइप भिंतीतून जातो ती जागा हमखास गळते, ती विसरू नका.

पण संप दुरुस्त झाला म्हणून लगेच रंगाकडे धावू नका. पोळ्यापर्यंत थांबायचं. शेजारच्या काकांची बादली काय सांगते ते बघायचं आहे.

निपाणीकर | १ जुलै

एका रंगासाठी तीन महिने थांबायचं? तोवर नवं घर होईल.

खानापुरी | १ जुलै

आमच्याकडे या. जांबोटीच्या बाजूचा पाऊस बघितलात तर बेसमेंट हा विषयच डोक्यातून जाईल. बेळगाव शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट तिकडे कणकुंबीकडे पडतो. आमच्या भागात जुनी घरं उंच जोत्यावर, जमिनीला शेणाचं सारवण. ओल वर यायची आणि उडून जायची, कुणी तिला कोंडत नव्हतं. माझं प्रामाणिक मत, वडगावकरांनी रंग मारूच नये. कोबा उघडा ठेवा, वर लाकडी पॅलेट टाका आणि गठ्ठे पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर लांब. हवा खेळती राहील.

गवंडीकाम | १ जुलै

खानापुरी बरोबर बोलत्यात. उघडा कोबा वाळतो तरी. पण वहिनी खाली बसून काम करत्यात, आणि उघड्या कोब्याची धूळ साडीला लागती. ते बी बघा की.

वडगावकर | १ जुलै

धुळीचाच मुख्य प्रश्न आहे. पॅलेट मात्र लगेच आणतो. उद्यमबागेत मिळतील.

कॅम्पातला | ३ जुलै

क्रिस्टलाइन कोटिंग म्हणून एक प्रकार आहे. पावडर पाण्यात कालवून ब्रशने लावायची, काँक्रीटच्या आत स्फटिक वाढतात आणि छिद्रं बुजतात. जाहिरातीत तर पाण्याच्या टाकीच्या बाहेरून लावलेलं दाखवतात. कुणी वापरलं आहे का? मला यात फसवणूक वाटते.

सिव्हिलवाला | ४ जुलै

फसवणूक नाही, पण जाहिरात अर्धीच गोष्ट सांगते.

क्रिस्टलाइनमधली रसायनं काँक्रीटमधलं मोकळं चुन्याचं द्रव्य आणि ओलावा यांच्याशी मिळून न विरघळणारे स्फटिक करतात. म्हणून ते ओल्याच काँक्रीटवर लावायचं असतं आणि नंतर दोन-तीन दिवस ओलं ठेवायचं असतं. कोरड्या कोब्यावर लावून वर पंखा सोडला तर पावडर फुकट जाते. पाणी पलीकडून ढकलत असताना अलीकडून लावायला हा प्रकार चांगला, कारण तो वर थर म्हणून बसत नाही, आत शिरतो. पण त्याला घट्ट, चांगलं काँक्रीट लागतं. भुसभुशीत कोब्यात, हलणाऱ्या भेगेत, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात त्याच्या भरवशावर राहू नये. सांध्याला आधी खाच मारून मॉर्टर भरायचं, वाटा मारायचा, मग कोटिंग.

आणि यामुळे पाणी अडलं तरी वाफ पूर्ण अडत नाही. इपॉक्सीचा वैरी मुख्यतः वाफ आणि क्षार. वडगावकरांनी सुरुवातीला लिहिलं होतं की फोडातून चिकट पाणी निघतं. ते साधं पाणी नाही. काँक्रीटमधले क्षार विरघळून फिल्मखाली साठतात आणि खालची ओल स्वतःकडे ओढतात. फोड त्या ओढीने फुगतो. अनेकांना वाटतं पाण्याच्या दाबाने इपॉक्सी उचललं. एक मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला एक टन असतो हे खरं, पण नीट घासलेल्या काँक्रीटला इपॉक्सीची पकड त्याच्या शंभरपटीहून जास्त असते. खरी गोम अशी की कोब्याच्या वर सिमेंटची मऊ साय असते, ती घासून न काढता रंग मारला की रंग सायीला चिकटतो आणि साय कशालाच नाही.

दाबाने उचलला जातो तो कोबा. १०० मिमी जाड काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. पाणी कोब्याच्या तळापासून फक्त २४ सेंटिमीटर वर चढलं की तेवढीच ढकल वर. बेसमेंटचा स्लॅब सळई घालून भिंतीत गुंतवलेला असेल तर ठीक, पण नुसता कोबा असेल तर सगळे रस्ते बुजवणं धोक्याचं. पाण्याला एक रस्ता द्यायचा आणि तो आपण ठरवायचा.

कॅम्पातला | ४ जुलै

फसवणूक हा शब्द मागे. पण 'पाण्याला रस्ता द्यायचा' म्हणजे घरात गटार?

गवंडीकाम | ४ जुलै

गटार नव्हं ओ. भिंतीच्या कडेनं कोबा वीतभर रुंद कापायचा, फूटभर खाली उकरायचं. तळाला जाळीचं कापड, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, आजूबाजूला वीस एमएमची खडी, कापड वरनं दुमडायचं, वर परत काँक्रीट. पाइपला उतार देऊन कोपऱ्यात एक खड्डा, तिथं फ्लोटवाली छोटी मोटर. पाणी चढलं की आपोआप चालू, उतरलं की बंद. नाल्याकडच्या दोन घरांत म्या हे केलंय. फक्त एक, ते पाणी संडास-बाथरूमच्या ड्रेनेजला जोडू नका, पावसाच्या गटारीलाच सोडा.

हिंडलगेकर | ५ जुलै

आणि ज्या रात्री धो धो पाऊस त्याच रात्री करंट जातो, तेव्हा मोटर इन्व्हर्टरवर घ्या. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, पण सांगावं लागतं.

वडगावकर | ८ सप्टेंबर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. संपाची दुरुस्ती जुलैतच झाली, आता पातळी हलत नाही. पन्हळीचं पाणी पाइपने रस्त्याच्या गटारीत नेलं. पश्चिमेला बाहेर भिंतीलगतचा चौथरा उकरून घराच्या उलट दिशेला उतार दिला. परत प्लास्टिक लावलं, थेंब गेले, पण धुकं राहिलं.

आणि पोळ्याच्या सुमाराला काकांची विहीर खरंच भरली. नळी लावून बघितलं, पाणी आमच्या कोब्याच्या चार बोटं वर. पश्चिमेच्या सांध्यातून दोन ठिकाणी हळूहळू पाणी आलं. बळ्ळारी नाल्याला पूर आला की आमच्या बाजूची भाताची शेतं पाण्याखाली जातात, त्या दिवसांतच. पाऊस ओसरल्यावर आठवड्यात बंद झालं.

म्हणजे तिन्ही पाणी आमच्याकडे आहेत असं दिसतं.

कणबर्गीची | ८ सप्टेंबर

बक्षीस द्यायला पाहिजे तुम्हाला 😄

सिव्हिलवाला | ९ सप्टेंबर

चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. कोबा उचलण्याइतकं नाही, पण एखाद्या वर्षी २०१९ सारखा पुराचा ऑगस्ट आला तर सांगता येत नाही. पश्चिमेच्या भिंतीला गवंडीकाम यांनी सांगितलेली चर करून घ्या. दिवाळीनंतर करा, माती कोरडी असते.

रंगाचं मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच. इपॉक्सी लावताना जमिनीचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवा पाणी सोडायला लागते त्याच्या) निदान तीन अंश वर असावं लागतं, आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात आपल्याकडे दोन्ही जमत नाही, रंगावर तेलकट साय धरते आणि पुढचा हात चिकटत नाही.

वडगावकर | १७ फेब्रुवारी

चर झाली, मोटर बसली. आता रंग. काय मारू, एवढं शेवटचं सांगा. दुकानदार सॉल्व्हंटवालं जाड इपॉक्सी म्हणतोय, 'टिकाऊ पाहिजे तर हेच'.

सिव्हिलवाला | १८ फेब्रुवारी

टिकाऊ कशाला, तर ट्रॉली आणि फोर्कलिफ्टला. तुमच्या वहिनींकडे फोर्कलिफ्ट नसावी. शिवाय बंद बेसमेंटमध्ये सॉल्व्हंटची वाफ खाली साठते. डोकं तर धरतंच, पण ठिणगी पडली तर पेटते. साधं इपॉक्सी कोब्यातली ओल चार-पाच टक्क्यांच्या आत मागतं, आणि खाली प्लास्टिक नसलेल्या कोब्यात ती पुढच्या जुलैत वाढणारच. तुमच्यापुढे दोन वाटा. खर्च करायचा असेल तर इपॉक्सी-सिमेंटचा तीन भागांचा थर दोन मिमी जाडीचा, तो ओलसर काँक्रीटवर चालतो, आणि त्यावर नेहमीचं इपॉक्सी. कमी खर्चात करायचं तर पाण्यात मिसळणारं इपॉक्सी, दोन पातळ हात. त्यातून थोडी वाफ निघून जाते. जाड लावलं तर तो गुण जातो, म्हणून 'अजून एक हात मारू' म्हणणाऱ्याला थांबवा. मी तुमच्या जागी असतो तर दुसरी वाट धरली असती.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणी करत नाही. पश्चिमेच्या भिंतीलगत फूटभर पट्टा रंगवूच नका. तिथे ओल निघायला जागा राहू दे.

गवंडीकाम | १८ फेब्रुवारी

ॲसिड मारून देतो म्हणणारा येईल, तेला सांगा नको. बंद जागेत ॲसिडची वाफ, नंतर धुवायला परत पाणीच पाणी, आणि नीट धुतलं नाही तर क्षार आतच. डायमंड कपाचं ग्राइंडर भाड्यानं घ्या, व्हॅक्यूम लावलेलं. जुनं इपॉक्सी, साय, लोणा सगळं निघतंय. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या. सिमेंटची धूळ छातीत बसती.

घासून झालं की पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून तेल नाहीतर रंग हाय. पसरून मुरला तर चालतंय.

वडगावकर | १८ फेब्रुवारी

लूम होते तिथे तेलाचे डाग आहेत, थेंब उभाच राहणार.

गवंडीकाम | १८ फेब्रुवारी

तिथं खोल घासा. तरी राहिलं तर तेवढा तुकडा कापून नवीन भरा. तेलावर जगातलं काय बी चिकटत नाही. नवीन भरलेला तुकडा महिनाभर वाळू द्या, त्यावर घाई नको.

वडगावकर | २९ मार्च

रंग झाला. दोन डबे असतात, अ आणि ब, ते एकत्र केल्यावर फार वेळ मिळत नाही, म्हणून थोडं थोडं कालवलं. बादलीत जास्त ठेवलं तर बादली गरम होऊन घट्ट होते, हे डब्यावर लिहिलेलं असतं पण कुणी वाचत नाही. जिन्यापाशी दुसऱ्या हाताआधी बारीक सिलिका वाळू भुरभुरली, घसरू नये म्हणून. पश्चिमेचा पट्टा उघडा ठेवला. वहिनींना तो अजिबात आवडलेला नाही, 'काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतंय' म्हणतात.

निपाणीकर | २९ मार्च

त्या पट्ट्यावर टाइल्स टाका 😀

गवंडीकाम | २९ मार्च

😡

वडगावकर | ११ जुलै

पाऊस लागला. मीटर आणला, खिडक्या कणबर्गीच्या अक्कांच्या नियमाने उघडतो. मोटर अजून एकदाही चालू झालेली नाही. रंगाला फोड नाहीत, फक्त जिन्याखाली हाताच्या तळव्याएवढ्या जागेत रंग निस्तेज, पांढुरका दिसतोय. दाबलं तर पक्का आहे, सुटत नाही. काळजीचं आहे का?

सिव्हिलवाला | १२ जुलै

ओल्या कापडाने पुसून बघा. पुसलं जाऊन परत आलं तर क्षार, जिन्याखालची ओल अजून आहे. पुसून गेलंच नाही तर रंग वाळताना तिथे दमट हवा साचली होती, तो नुसता दिसण्याचा दोष. जिन्याखाली काही सामान रचलं आहे का?

वडगावकर | १२ जुलै

पुसल्यावर गेलं, सकाळी परत आलं. सामान आहे. रद्दी आणि जुन्या लूमचे सुटे भाग, पार जमिनीला टेकवून.

सिव्हिलवाला | १२ जुलै

ते आधी हलवा आणि जागा उघडी ठेवा. पहिल्या प्लास्टिकच्या वेळीही जिन्याखाली धुकं होतं, आठवा. जिन्याच्या पलीकडे बाहेर न्हाणीघर किंवा धुण्याचा दगड असेल तर त्याच्या पाण्याची वाट बघा. रंगाला आत्ता हात लावू नका. सुटायला लागला तर पुढच्या फेब्रुवारीत तेवढाच तुकडा घासून, जिन्याखालचाही भाग उघडा सोडायचा.

वडगावकर | १३ जुलै

धुण्याचा दगड आहे. बरोबर जिन्यामागे. आज त्याचं पाणी पाइपने गटारीत सोडतो.